दाभणकाकूंची बेटावरची झोप

त्या गल्लीत गादीवाल्याचं दुकान कुठे म्हणून विचारलं, तर कुणी हात करून दाखवायचं नाही. म्हणायचे, "उभे राहा इथंच, ऐकू येईल." आणि खरंच ऐकू यायचं. कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की त्याची घरघर न्हाव्याच्या दुकानापासून थेट शाळेच्या फाटकापर्यंत पोचायची. त्या घरघरीच्या वरताण आणखी एक आवाज यायचा, बाईचा. "अहो, बस म्हणते ना! कान काय कापसात गुंडाळून ठेवलेत?" मग यंत्र थांबायचं, आणि पांढऱ्या धुक्यातून एक बुटका माणूस बाहेर यायचा. भुवयांवर कापूस, मिशीवर कापूस, कानाच्या पाळीवर कापूस. यायचा आणि हसायचा.

ते काका. आणि आवाज होता तो काकूंचा. गल्ली त्यांना दाभणकाकू म्हणायची. दाभण म्हणजे गादी शिवायची वीतभर लांब जाड सुई. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता सांगायचा, "त्यांच्याकडे दाभणी दोन आहेत. एक हातात, एक तोंडात. हातातली टोचली तर गादी होते, तोंडातली टोचली तर झोप उडते." हे काकूंच्या कानावर आलं होतं. त्यांना राग नव्हता. "दाभण बोथट झाली की तिचा खिळा होतो," त्या म्हणायच्या, "आणि खिळ्याला कुणी काकू म्हणत नाही."

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना सुईत दोरा ओवता येत होता, बास, एवढंच. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी त्यांच्या पुढ्यात मूठभर कापूस ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, हा नुसता हातात धर. काही करू नकोस." त्या धरून बसल्या. थोड्या वेळानं सासऱ्यांनी विचारलं, "काय कळलं?" काकू म्हणाल्या, "ऊब लागते." सासरे मुलाकडे वळून म्हणाले, "तुला हे कळायला दोन पावसाळे लागले होते." तेव्हापासून काका पिंजत आले आणि काकू भरत, शिवत आल्या. संसार त्या दुकानाच्या माळ्यावर झाला. मुलगा कापसाच्या ढिगावरच रांगायला शिकला.

काकूंची एक रीत होती. कोण झोपणार हे विचारल्याशिवाय त्या गादी भरायच्या नाहीत. गिऱ्हाईक लांबीरुंदी सांगायला लागलं की त्या मान हलवायच्या. "ते पलंगाचं झालं. माणसाचं सांगा." मग माणूस लठ्ठ की किडकिडीत, कुशीवर झोपतो की उताणा, कंबर धरते का, पाठीला पोक आहे का, सगळं विचारून घ्यायच्या. बाळंतिणीची गादी निराळी, पहिलवानाची निराळी. आणि शिवून झाली की दुकानाच्या दारातच ती अंथरून, रस्त्यानं जाणारे बघतायत की नाही याची पर्वा न करता, डोळे मिटून तिच्यावर आडव्या व्हायच्या. पटलं तर उठून म्हणायच्या, "घेऊन जा." नाही पटलं तर गिऱ्हाईक समोर उभं असतानाच उसवायला घ्यायच्या.

त्यांच्या गाद्या काही वर्षांनी परत यायच्या. दबलेल्या, गोळे झालेल्या. काकू त्या उसवायच्या, काका कापूस पुन्हा पिंजायचे, गच्चीवर जाळीखाली त्याला ऊन दाखवलं जायचं, आणि तोच कापूस नव्या खोळीत पुन्हा फुलून बसायचा. अशी गादी दुकानात आली की काकू म्हणायच्या, "आली बघा माहेरपणाला." जाताना तिला दोन थापट्या मारायच्या आणि म्हणायच्या, "नांद सुखानं."

आता मुलगा मोठा झाला होता, त्याचं लग्न झालं होतं. मुलगा गुणी, त्यात काही खोट नाही. पण त्याच्या डोक्यात फोम शिरला होता. एके दिवशी जेवताना त्यानं विषय काढलाच.

"आई, यंत्र विकून टाकू. बाबांचे कान त्या आवाजानं गेले. तुला जिना चढवत नाही. फोमच्या गाद्या तयार येतात. भरणं नको, शिवणं नको, नाकातोंडात कापूस नको. नुसत्या उभ्या करायच्या आणि विकायच्या."

काकूंचा घास हातातच राहिला. काकांना अर्धंच ऐकू आलं होतं. ते म्हणाले, "कुणाला उभं करायचंय?"

कुणी हसलं नाही. सुनेनं वातावरण ओळखलं. ती हुशार पोरगी. म्हणाली, "आई, आज उत्तर नका देऊ. तुम्ही दोघं आधी दोन दिवस कुठेतरी जाऊन या. लग्न झाल्यापासून कधी गेलात का दोघंच?"

"गेलो की," काकू म्हणाल्या. "कापूस आणायला."

"ते नाही. मी एक बेट बघून ठेवलंय. एवढंसं आहे. आवाज नाही, गर्दी नाही. शांत बसून ठरवा. आलात की सांगा, यंत्र ठेवायचं की विकायचं. तुम्ही म्हणाल तसं."

मुलगा म्हणाला, "पण दाभण घरी ठेवून जायची, आई. सुट्टी म्हणजे सुट्टी."

काकूंनी सगळ्यांच्या देखत दाभण फळीवर ठेवली. दुसरी एक होती, ती पिशवीच्या अस्तरात टोचून घेतली. ही काही लबाडी नव्हे. म्हातारा माणूस काठीशिवाय बाहेर पडत नाही, तसंच ते.

होडीतून बेट दिसलं तेव्हा काकांना वाटलं, एखादी मोठी उशी कुणीतरी पाण्यावर टाकून गेलंय. मध्ये थोडा उंचवटा, कडेनं सपाट काळे खडक, पाच-सहा घरं आणि एक पायवाट. या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचा माणूस "बरं वाटतंय ना?" म्हणून विचारेल, एवढंच. तीन खोल्यांचं एक पाहुणघर होतं. त्याचा मालक ढेरपोट्या, उन्हानं रापलेला. सगळे त्याला कप्तान म्हणायचे, कारण मालाची होडी तोच चालवायचा. त्यापलीकडे त्यानं कुठलं जहाज कधी हाकलं नव्हतं.

कप्तानानं खोलीचं दार उघडलं आणि सामान ठेवायच्या आधी पलंगाकडे बोट केलं. "फोम! नवा कोरा! बसून बघा, बाई. माणूस बसतो की तरंगतो, कळायचं नाही."

काकू उभ्याच राहिल्या.

"आधी कापसाच्या गाद्या होत्या," कप्तान रंगात आला. "गाद्या कसल्या, बटाट्यांची पोती! एक नवं जोडपं आलं होतं. सकाळी बघतो तर दोघांच्याही माना एकाच बाजूला वाकड्या. म्हटलं, चला, संसारात एकमत तरी झालं!" आणि स्वतःच खदाखदा हसला. मग म्हणाला, "तुमचं काय, नोकरी की धंदा?"

काकांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला. "दुकान आहे छोटंसं. घरगुती सामानाचं."

कप्तान गेल्यावर काका म्हणाले, "खोटं कशाला बोललीस?"

"खोटं कुठं? गादी काय रस्त्यावर वापरतात? शत्रूची तारीफ शत्रूच्या तोंडून ऐकायची असेल तर आपलं नाव सांगू नये."

काकूंचा बेत पक्का होता. रात्री या फोमची नीट परीक्षा घ्यायची. आधी डाव्या कुशीवर, मग उताणं, मग उजव्या कुशीवर. कुठे बोचतं, कुठे खचतं, कुठे घाम येतो, सगळं मनात टिपायचं आणि घरी जाऊन मुलापुढे मांडायचं. त्या डाव्या कुशीवर आडव्या झाल्या. बाहेर पाणी खडकाला चाटत होतं.

आणि मग एकदम सकाळच झाली.

ऊन पायाशी येऊन बसलं होतं. काकू उठून बसल्या. अभ्र्यावर लाळेचा डाग होता. लहान पोरासारखा! डावी कूससुद्धा बदललेली नव्हती. कंबर, जी रोज सकाळी आधी उठायची आणि मग काकूंना उठवायची, ती गप्प होती. इतकी वर्षं कापसावर झोपून असं अंग कधी हलकं झालं नव्हतं. त्यांनी उशी उलटी करून ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि ओसरीत आल्या. काका पायरीवर चहा घेत बसले होते. डोळे सुजलेले.

"झोप लागली का हो?" काकूंनी विचारलं.

"छे!" काका म्हणाले. "कसली झोप. तुझी?"

"माझ्या झोपेचं तर नावच काढू नका. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर."

काका चहात बघत म्हणाले, "हं."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा बिचारा म्हातारा आपल्या कापसाशी इमान राखून रात्रभर तळमळला, आणि आपण? आपण शेजारी ढाराढूर! त्यांनी काकांच्या पुढ्यात आपल्या वाटणीचा पाव ठेवला. काकांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

मग दोघं बेटाला चक्कर मारायला निघाले. एवढंसं बेट, तरी हळूहळू चालले. पायवाटेच्या कडेला पिवळी बारीक फुलं होती, खडकांच्या खळग्यांत पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळाचे तुकडे पडले होते. एक म्हातारा कोळी दारात जाळं विणत बसला होता, त्यानं मान हलवून त्यांना रामराम केला. एक बकरी त्यांच्या मागून काही अंतर आली आणि कंटाळून परत गेली.

"आज ओरडत नाहीयेस तू," काका एकदम म्हणाले.

"ओरडायला लागतंय कुठं? सगळं ऐकू येतंय तुम्हाला."

"येतंय खरं." काका थांबले. "मला वाटायचं तू कायम रागावलेली असतेस."

"रागावलेली असतेच. पण ओरडते ते यंत्रामुळे."

काका हसले, आणि त्यांना हसताना बघून काकूंना वाटलं, हा आवाज आपण किती दिवसांत नीट ऐकला नाही. दुकानात काकांचं हसणं नुसतं दिसायचं. कापूस हलायचा मिशीवरचा, बस्स.

एका खडकावर टेकल्यावर काकांनीच विषय काढला. "पोराला काय सांगायचं?"

"सांगायचं, फोम बेकार आहे. दोघांच्याही डोळ्याला डोळा लागला नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"हो. बरोबर," काका म्हणाले, आणि समुद्राकडे बघत राहिले.

काकूंच्या घशात मात्र ते वाक्य माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. मुलगा विचारणार, आपण सांगणार, तो ऐकणार. आईनं गादीबद्दल सांगितलं म्हणजे संपलं, असंच तो लहानपणापासून मानत आलेला. ज्या दुकानात एकही गादी खोट्यावर विकली नाही, ते दुकान आता खोट्यावर वाचवायचं?

दुपारी कप्तान होडी घेऊन सामान आणायला गेला. काका ओसरीत बसले. काकू पिशवी काखेत मारून उगाच मागच्या बाजूला गेल्या. तिथं होड्यांची वल्ही ठेवायची एक पडवी होती, आणि पडवीच्या कोपऱ्यात त्या पडल्या होत्या. कप्तानाची बटाट्यांची पोती. एकावर एक, ओलसर, कडेला बुरशीची नक्षी. काकूंनी वरची गादी दाबून बघितली. मग वाकून टाके बघितले. टाका सारखा, गाठ आतल्या बाजूला लपवलेली, कड गोल आणि भरलेली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "तू तर चांगल्या घरची."

कुणा जाणत्या हाताची होती ती. पण तिला एकदाही ऊन दाखवलेलं नव्हतं, एकदाही माहेरी धाडलेलं नव्हतं. समुद्राची ओल पीत पीत बिचारीचे गोळे झाले, आणि वर पोतं म्हणून हिणवली गेली. काकूंचा हात पिशवीच्या अस्तराकडे कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. दाभणीच्या टोकानं एक टाका उचकला. मग दुसरा. हाक मारली तेव्हा काका आले, बघितलं, आणि अस्तन्या वर केल्या.

गादी त्यांनी खडकांवर नेली. आतला कापूस लांब धाग्याचा, अस्सल. गोळे हातानं सोडवत सोडवत त्यांनी तो काळ्या खडकावर पसरला. ऊन कडक होतं, पान हलत नव्हतं. कापूस हळूहळू अंग सैल करायला लागला. दोघं शेजारी बसून त्याच्याकडे बघत राहिले, पाळण्यातल्या पोराकडे बघावं तसे.

आता, गच्चीवर चारी बाजूंना कठडा असतो आणि वर जाळी असते. ज्यांनी सगळा जन्म गच्चीवर कापूस वाळवला त्यांना कुठून ठाऊक असणार, की बेटावर ऊन कललं की समुद्र एक उसासा सोडतो?

पहिल्या झुळकीला एक पुंजका उठला आणि काकांच्या टकलावर बसला. काकू हसल्या. दुसऱ्या झुळकीला सगळा खडक उठला.

"अहो! धरा!"

काय धरणार? कापूस उंचवट्यावर गेला, पायवाटेवर गेला, पिवळ्या फुलांवर जाऊन बसला. घरांच्या कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, कोळ्याच्या जाळ्यात. कोळी जागचा उठला आणि आभाळाकडे हात पसरून म्हणाला, "या दिवसांत बर्फ?" बकरीच्या दोन्ही शिंगांवर एकेक बोंड. काकू, ज्यांना जिना चढवत नव्हता, त्या उंचवटा चढून धावल्या. काका खाली ओणवे होऊन खळग्यातला कापूस उपसत होते आणि मोठ्यानं ओरडत होते, "डावीकडे! अगं, डावीकडे! फुलांवर!" आज ओरडायची पाळी त्यांची होती. एका झुडपापाशी दोघांची टक्कर झाली. दोघांच्याही कुशीत कापूस. काकूंनी काकांच्या भुवया बघितल्या, पुन्हा पांढऱ्या झालेल्या, आणि त्यांना असं हसू फुटलं की त्या मटकन खालीच बसल्या. काकाही बसले. पोट धरधरून हसले दोघं. नवीन लग्न झालेलं जोडपं बेटावर आलं तरी एवढं हसत नसेल.

तेवढ्यात होडी टेकली. कप्तान काठावर उभा, तोंड उघडं. "माझ्या बेटाला काय झालं?"

काकू उठल्या. झटकून नीट उभ्या राहिल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "कप्तान, आम्ही गादीवाले आहोत. तुमची जुनी गादी मी न विचारता उसवली. चूक झाली."

"घरगुती सामान म्हणालात!"

"गादी घरगुतीच असते."

कप्तानानं कौलांकडे बघितलं, जाळ्याकडे बघितलं, बकरीकडे बघितलं. रागवावं की हसावं हे त्याचं ठरेना. शेवटी खाली बसला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "म्हणजे माझा फोम जोखायला आलात होय! बरं झालं. मी सगळ्यांना सांगत सुटतो, पण मला कुठं काय कळतं? तुम्ही जाणकार. सांगा खरं खरं. गादी कशी आहे?"

काका खाली बघायला लागले. बोटांनी कापसाचा गोळा उगाच सोडवत राहिले.

काकूंपुढे दोन शब्द होते. "बेकार आहे." एवढं म्हटलं की सकाळचं खोटं पक्कं झालं असतं, घरी जाऊन तेच सांगता आलं असतं, यंत्र वाचलं असतं. जीभ तयारसुद्धा झाली होती. पण समोरचा माणूस गादीबद्दल विचारत होता. आणि गादीबद्दल त्या जन्मात कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. नवऱ्याशी बोलल्या, ते आज सकाळी, एकदाच.

"चांगली आहे," काकू म्हणाल्या. "इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती."

काकांनी मान वर केली. "काय?"

"मी झोपले! मेल्यासारखी! कूससुद्धा बदलली नाही!" काकू दुकानातल्या आवाजात म्हणाल्या.

काकांनी मांडीवर थाप मारली. "अगं, मग मी काय जागा होतो? ऊन तोंडावर आलं तेव्हा उठलो! मला वाटलं, तू बिचारी रात्रभर तळमळून पहाटे जरा निजलीस आणि मी इकडे घोरतोय. लाजेनं चहा उतरेना घशाखाली."

"मग माझा पाव कसा उतरला?"

"तो भुकेनं."

कप्तानाला काही कळलं नाही, पण त्यालाही हसू आवरेना.

हसून झाल्यावर काकूंनीच विचारलं, "कप्तान, ही तुमची फोमची गादी दबली की काय करणार?"

"काय करणार? फेकणार. होडीत घालून पलीकडे नेऊन टाकायची आणि नवी आणायची."

"उसवणार नाही?"

"उसवून काय सापडणार, बाई? आत एकच ढेप!"

जमवलेला कापूस काकूंनी भिंतीच्या आडोशाला नेला. कप्तानानं दोन काठ्या आणून दिल्या. नवराबायको समोरासमोर बसले आणि काठीनं कापूस झोडायला लागले, एक काठी वर तर एक खाली, तालात. बोलायची गरज नव्हती. कापूस फुलत फुलत गुडघ्यापर्यंत आला. सगळा काही परत मिळाला नव्हता, थोडा बेटानं ठेवून घेतला. म्हणून गादी अरुंद झाली, एका माणसाची. काकूंनी कप्तानाला विचारलं, "कोण झोपणार?" तो म्हणाला, "मीच झोपेन." तेव्हा त्याच्या ढेरीचा, पाठीचा अंदाज घेऊन त्यांनी कापूस मध्ये दाट आणि पायाशी विरळ केला. शेवटचा टाका घातला, आडव्या झाल्या, डोळे मिटले.

"घ्या," त्या उठून म्हणाल्या. "आणि महिन्यातून एकदा उन्हात टाका. नाहीतर पुन्हा पोतं होईल, आणि दोष तिला द्याल."

कप्तान बसून बघत म्हणाला, "कडक आहे जरा."

"नवी सून आहे. रुळू द्या."

त्या रात्री दोघं फोमवरच झोपले. लाज न बाळगता झोपले. झोपण्याआधी काका हळूच म्हणाले, "पोराचं खरं आहे म्हणायचं मग."

"झोपेपुरतं खरं आहे," काकू म्हणाल्या.

परत आले तेव्हा मुलगा दुकानातच होता. सून चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून तिला बरं वाटलं असावं, ती गालात हसली. मुलगा मात्र खुर्चीच्या टोकावर बसलेला. "मग, आई? काय ठरलं?"

काकूंनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "फोमवर झोपून आले मी. तुझ्या बाबांनाही झोपवून आणलं. झोप उत्तम लागते. तू म्हणत होतास ते खोटं नाही."

मुलाचा चेहरा उजळला. तो उठायलाच लागला होता.

"बस. संपलं नाही माझं." काकूंचा आवाज चढला नाही. यंत्र बंद होतं, चढवायची गरज नव्हती. "मी गादी विकते म्हणजे काय करते, ठाऊक आहे? गिऱ्हाइकाला शब्द देते, की दबली तर घेऊन ये, मी आहे. ती आली की उसवते, आत काय बिघडलं ते बघते, पुन्हा उभी करते. फोमचा असा शब्द मला देता येत नाही. जे मला उसवता येत नाही, ते मी विकणार नाही. यंत्र राहील. जोवर हे दोन हात आहेत, तोवर."

"पण आई, धंदा..."

"धंदा तू कर की. समोरचा गाळा रिकामा आहे. फोमचं दुकान थाटात टाक. मी स्वतः सांगेन लोकांना की झोप चांगली लागते. मात्र माझ्या पाटीखाली नाही."

मुलगा बापाकडे वळला. शेवटची आशा तीच होती. "बाबा, तुमचे कान जातायत हो त्या आवाजानं."

काका इतका वेळ ऐकत होते, एकेक शब्द. म्हणाले, "कानात बोळे घालीन. कापूस आहे की घरात."

सून फिसकन हसली. मुलगा थोडा वेळ फुरंगटून बसला. मग त्यालाही ओठ दाबता येईनात. बाहेर जाऊन रस्त्यापलीकडच्या गाळ्याकडे कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. उंची मोजल्यासारखं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू झालं. न्हाव्यानं वस्तरा थांबवला आणि म्हणाला, "आल्या." थोड्या वेळानं एक तरुण बाई दुकानाच्या पायरीवर आली. घरी नवं बाळ येणार होतं. ती संकोचून म्हणाली, "काकू, सगळे म्हणतात फोमची घे. खरं सांगा, चांगली असते का?"

काकांनी यंत्र थांबवलं. काकूंनी हातातली दाभण खाली ठेवली.

"चांगली असते," त्या म्हणाल्या. "मी झोपून आलेय. समोर माझा मुलगा दुकान टाकतोय, त्याच्याकडून घेतलीस तरी चालेल."

ती बाई गोंधळली. रिकाम्या गाळ्याकडे बघितलं, मग आत बघितलं. भिंतीला टेकून एक जुनी गादी उभी होती, काल संध्याकाळीच कुणीतरी माहेरी आणून सोडलेली. उसवलेल्या कडेतून कापूस डोकावत होता.

"आणि ही?" तिनं विचारलं.

काकू उठल्या, त्या गादीच्या पोटात हात घातला, मूठभर कापूस काढला आणि त्या बाईच्या ओंजळीत ठेवला.

"धर जरा," त्या म्हणाल्या. "काही करू नकोस. नुसता धर. आणि मग मला सांग, कोण झोपणार?"